पूर्वेकडचा दिवा

“बापाक, गाडीचा उजवा दिवा गेलाय,” एन्दाह म्हणाली.

“उजवा म्हणजे कुणाचा उजवा?” इंजिन बंद करत तिच्या वडिलांनी, पाक प्राविरोंनी विचारलं.

गाडी नुकतीच शेडमध्ये शिरली होती. समोरच्या भिंतीवर एरवी उजेडाचे दोन गोल पडत. आज एकच पडला होता आणि दुसऱ्याच्या जागी टांगलेली जुनी कुदळ अंधारात गेली होती. एन्दाह दिवसभर बसमध्ये बसून सुराबायाहून आली होती. वडील स्टँडवर न्यायला आले याचा तिला आनंद झाला होता, पण तो घर येईपर्यंत टिकला नव्हता.

“माझा उजवा, तुमचा उजवा आणि गाडीचाही उजवाच. आपण तिघंही एकाच दिशेला तोंड करून बसलोय.”

“आत्ता बसलोय. उद्या मी गाडीसमोर उभा राहिलो की माझा उजवा तो तुझा डावा. डावं-उजवं माणसागणिक बदलतं, पोरी. दिशा कधी बदलत नाही. कुठला दिवा ते नीट सांग.”

एन्दाहने सुस्कारा सोडला. “पूर्वेकडचा.”

“हां,” पाक प्राविरो म्हणाले. खिशातून छोटी वही काढून त्यांनी ‘पूर्वेकडचा दिवा’ असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

यात त्यांचं काही चुकलं असं जावातल्या या मुंतिलान गावात कुणी म्हटलं नसतं. तिथे सगळेच दिशांनी बोलतात. चमचा ताटाच्या दक्षिणेला ठेवतात, झोपलेल्या माणसाला जरा उत्तरेला सरक म्हणतात, आणि दातांच्या डॉक्टरकडे गेलेला माणूसही पश्चिमेची दाढ ठणकते असं सांगतो. पूर्वेला मेरापी पर्वत धूर सोडत उभा असल्यामुळे कुणाची पूर्व चुकत नाही. एन्दाह बारा वर्षं सुराबायात राहून डावं-उजवं करायला लागली, ते वडिलांना लहान वयात चष्मा लागल्यासारखं वाटे. वाईट काही नाही, पण टाळता आलं असतं.

पाक प्राविरो एकतीस वर्षं शाळेत शिकवत होते, त्यातली एकोणीस मुख्याध्यापक म्हणून. निवृत्त होऊनही नऊ वर्षं झाली होती. तरी गल्ली त्यांना अजून पाक गुरू, म्हणजे गुरुजी, म्हणे, कारण गल्लीतले निम्मे पुरुष त्यांच्या हाताखालून गेले होते आणि उरलेल्या निम्म्यांची मुलं. पाक गुरूंना कुणी ‘तुमचं चुकलं’ असं म्हटल्याचं गल्लीच्या स्मरणात नव्हतं. त्यांचं चुकत नव्हतं असं नाही. जावातल्या माणसाला वडीलधाऱ्याला तसं सांगण्यापेक्षा विहिरीत उतरणं सोपं जातं, एवढंच.

सांगणारं एकच माणूस होतं. बू रात्मी, त्यांची बायको. तिला जाऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बरोबर एक हजार दिवस होणार होते.

हजाराव्या दिवसाचा विधी मोठा. त्यानंतर गेलेल्या माणसाला घरच्यांनी पूर्णपणे निरोप द्यायचा असतो. गल्ली सतरंज्यांवर बसून प्रार्थना म्हणते, आपेम नावाचे तांदळाचे घावन आणि चिकट भात वाटला जातो. एन्दाह त्यासाठीच आली होती. पण जेवताना तिने दुसरा विषय काढला.

“बापाक, परवा एक माणूस ब्लोरोकला बघायला येतोय.”

ब्लोरोक म्हणजे ठिपक्यांची कोंबडी. गाडीला हे नाव बू रात्मीनेच दिलं होतं. एकतीस वर्षांच्या त्या चौकोनी गाडीचा रंग जिथे जिथे उडाला तिथे तिथे पाक प्राविरोंनी मिळेल तो रंग लावला होता.

“बघायला म्हणजे?”

“घ्यायला.”

पाक प्राविरोंनी चमचा ताटाच्या दक्षिणेला ठेवला. दर गुरुवारी दुपारी ते ब्लोरोकमधून वरच्या अंगाच्या कबरस्तानात फुलं घेऊन जात. बसने तिथे जाता येत नव्हतं आणि चढ पायी चढण्याचं वय राहिलं नव्हतं. “गाडी जुनी आहे म्हणून?” त्यांनी विचारलं.

“गाडीचं काही नाही. शेजारच्या सीटवर आई नाही म्हणून,” एन्दाह म्हणाली. “ब्रेक लावा, वळण आलं, आरशात बघा, हे सगळं ती सांगायची. आता कोण सांगतं? तुम्ही चुकलात तर या गल्लीत एक माणूस तोंड उघडत नाही. मला तिकडे झोप लागत नाही, बापाक.”

मग पाक प्राविरो म्हणाले, “उद्या बुदे सामियेमला आणायचंय.”

बुदे सामियेम म्हणजे रात्मीची थोरली बहीण, वय ब्याऐंशी, मुक्काम डोंगरावर. काचा बंद केलेल्या थंड गाडीत तिला उलट्या होत. ब्लोरोकशिवाय ती कुठल्या गाडीत पाय ठेवत नसे. परतीचा रस्ता काटेरी सालक-ताडांच्या दाट बागांतून होता, तिथे दिवस मावळायच्या आधीच काळोख होतो.

“मी एकटा जातो. दिवा माझ्या हाताने बदलतो, बुदेला घेऊन प्रार्थनेआधी फाटकात हजर होतो. दोन्ही दिवे लागलेले. जमलं तर गाडीचा विषय बंद. नाही जमलं तर किल्ली तुझी.”

एन्दाहने वडिलांकडे पाहिलं. “ठीक आहे,” ती म्हणाली.

सकाळी पाक प्राविरो बाजार उघडताच गेले. त्या जातीचा बल्ब दुकानात एकच शिल्लक होता, तो त्यांनी आणला. शेडमध्ये उजेड कमी, म्हणून गाडी बाहेर काढणं आलं. आणि काढतोच आहोत तर ती फिरवून, तोंड फाटकाकडे करून लावावी, म्हणजे दुपारी निघताना सरळ बाहेर पडता येईल, असा विचार त्यांनी केला. विचार उत्तम होता. समोरच्या साकिमिनला त्यांनी हाक मारली. साकिमिन लोखंडी फाटकं जोडायचा, त्यांचा जुना विद्यार्थी, पंचेचाळीस वर्षांचा.

“थोडी उत्तरेला घ्या, पाक गुरू. आता पश्चिमेला. अजून पश्चिमेला. बास.”

नऊ वेळा मागेपुढे केल्यावर गाडी फणसाखाली उभी राहिली. रात्री तिचं तोंड उत्तरेला होतं, आता दक्षिणेला झालं.

पाक प्राविरोंनी मग गाडीबरोबर आलेलं जुनं पुस्तक उघडलं. पुस्तकात पहिलं वाक्य होतं की बॅटरीची तार काढा, म्हणून त्यांनी पहिल्यांदा बॅटरीची तार काढली. त्यामुळे दिवे लावून बघायचा प्रश्नच उरला नाही. दुसरं, त्यांनी वही पाहिली. ‘पूर्वेकडचा दिवा.’ त्यांनी मान वर करून मेरापीकडे पाहिलं, पूर्व जागेवर असल्याची खात्री केली आणि पूर्वेकडच्या दिव्यासमोर पाट ठेवून बसले.

साकिमिन ‘पाक गुरू’ म्हणाला आणि थांबला.

“काय रे?”

“काही नाही. स्क्रू गंजलेत, तेल आणू?”

तो तेल आणायला म्हणून निघाला तो थेट पाक कुस्दींच्या दारात गेला. पाक कुस्दी रेल्वेतून निवृत्त झालेले, वयाने पाक गुरूंच्या खालोखाल.

“गुरुजी चुकीचा दिवा उघडतायत,” साकिमिन दबक्या आवाजात म्हणाला. “काल संध्याकाळी मी गल्लीत बसलो होतो. गाडी आली तेव्हा स्टिअरिंगच्या बाजूचा दिवा बंद होता. ते दुसराच खोलतायत.”

“मग सांग त्यांना.”

“मी? त्यांनी मला भागाकार शिकवलाय. तुम्ही सांगा.”

“माझ्या मुलीच्या लग्नात मुलीकडच्यांच्या वतीने ते बोलले होते,” पाक कुस्दी म्हणाले. “माझ्याच्याने नाही व्हायचं. पण चल, जवळ जाऊन सुचवू.”

ते आले. पाक प्राविरोंनी जाळी काढली होती आणि दिव्याभोवतीच्या कड्याशी त्यांची झटापट चालली होती. घामाने चष्म्यावर वाफ धरली, म्हणून तो त्यांनी खिशात टाकला. पाक कुस्दी बराच वेळ दिव्याकडे बघत उभे राहिले.

“पाक गुरू, हा दिवा तसा तब्येतीने बरा दिसतो.”

“दिसतो. माणसाचंही तसंच असतं. बाहेरून काय कळतं?”

“खरंय,” पाक कुस्दी म्हणाले, आणि त्यांचं सुचवणं तिथे संपलं.

पाक गुरू एकटे काम करतायत हे कळल्यावर गल्लीला घरात बसवेना. जावात एखादा माणूस पाना हातात घेऊन बसलेला दिसला आणि शेजारी मदतीला गेला नाही, तर त्या शेजाऱ्याच्या घरी काही बरं नाही असं समजतात. तासाभरात फणसाखाली दहा माणसं जमली. प्रत्येक जण येई, दिव्याकडे पाही, बाकीच्यांकडे पाही आणि उकिडवा बसे. एन्दाह बाजारात गेली होती. विधीसाठी स्वयंपाक करायला आलेल्या बायकांनी या दहा जणांना चहा आणि तळलेल्या तेम्पेच्या, म्हणजे सोयाबीनच्या वड्या पाठवल्या. शेवटी शेडमागे कुजबुजत बैठक झाली आणि ठरलं की हे काम गल्लीप्रमुखाचं आहे.

गल्लीप्रमुख पाक मार्गोनो आले. शर्ट खोचून आले. पाक प्राविरोंसमोर वाकून त्यांनी घसा साफ केला.

“पाक गुरू, आपल्या गल्लीचं भाग्य की आपण आहात. आपण सगळ्यांना प्रकाश दिलात. आता प्रकाश म्हटला की त्याला बाजू आल्या. एक ही बाजू आणि एक ती बाजू. माणसाने एका बाजूला बघताना दुसऱ्या बाजूचाही विचार करावा, असं आपणच आम्हाला शिकवलंत.”

“बरोबर,” पाक प्राविरो म्हणाले. “पाना दे.”

पाक मार्गोनोंनी पाना दिला. शेडमागे त्यांनी सांगितलं की यापेक्षा स्पष्ट बोलणं उद्धटपणा झाला असता. ते सगळ्यांना पटलं.

रबराचं टोपण निघालं. आतला बल्ब स्प्रिंगच्या तारेने अडकवलेला होता. पाक प्राविरोंनी तार दाबली, ती सुटली आणि नाहीशी झाली. मग अकरा जण गुडघ्यावर बसून गवत चाचपू लागले. पाक मार्गोनोंनी टोपी काढून झटकली, साकिमिन फणसावर चढून आला. अर्ध्या तासाने पाक कुस्दींनी चहाचा ग्लास रिकामा केला, तर तळाशी तार होती.

“तुम्हाला पिताना कळलं नाही?” साकिमिनने विचारलं.

“लोखंडाची चव लागत होती,” पाक कुस्दी म्हणाले. “पण लोकांच्या घरच्या चहाला नावं कशी ठेवायची?”

बल्ब बाहेर आला. पाक प्राविरोंनी तो उन्हात धरला. त्याचं टोक काळं होतं. “बघा, डोकं कसं जळून कोळसा झालंय.”

ते टोक कारखान्यातूनच काळं रंगवलेलं येतं. नव्या बल्बचंही तसंच होतं. पाक प्राविरोंनी नवा बल्ब खोक्यातून काढला तेव्हा अकराही जणांनी त्याच्या काळ्या टोकाकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. गल्लीला आता एकच आशा होती. सगळं जोडून झालं की दिवे लागतील, पश्चिमेकडचा लागणार नाही, पाक गुरूंना आपोआप कळेल आणि कुणाला तोंड उघडावं लागणार नाही. म्हणून सगळे हिरिरीने मदतीला लागले. कोणी कडं धरलं, कोणी स्क्रू पुसून दिले. बॅटरीची तार जोडली गेली. पाक प्राविरो आत जाऊन बसले आणि त्यांनी कळ ओढली.

पूर्वेकडचा दिवा लागला. पश्चिमेकडचा लागला नाही.

पाक प्राविरो खाली उतरले. गाडीसमोर उभं राहून त्यांनी दोन्ही दिव्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग सावकाश पाटावर बसले.

“तोही गेला,” ते म्हणाले.

कुणी हललं नाही.

“काल रात्री हा एकटा जळत होता. मी स्वतः पाहिला. जोडीदार गेल्यावर आपल्यापरीने रस्ता दाखवत होता बिचारा. एक रात्र काढली त्याने.” त्यांनी पश्चिमेकडच्या दिव्याच्या काचेवर हात ठेवला. “मी हजार काढल्या.”

पाक कुस्दींनी डोळ्याला लुंगीचं टोक लावलं. पाक मार्गोनो गाडीकडे पाठ करून उभे राहिले. आता खरं सांगणं म्हणजे नुसता उद्धटपणा राहिला नव्हता. माणसाचं दुःख चुकीच्या दिव्यावर बेतलेलं आहे हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं, ते गल्लीप्रमुखालाही कळेना. साकिमिनला मात्र रडू आवरताना एक गोष्ट सुचली.

“पाक गुरू, दुसरा बल्ब मी बघतो. तुम्ही नमाज उरका.”

“दुकानात एकच होता रे. दुसरा मागेलांगला मिळेल. तिथे जाऊन यायला वेळ कुठेय? मला अडीचला निघायचंय.”

“बघतो मी,” साकिमिन म्हणाला.

पाक प्राविरो आत गेले. साकिमिनने कचऱ्याच्या टोपलीतून जुना बल्ब उचलला. तो अगदी धडधाकट होता, कुणाचं काही वाईट केलेलं नव्हतं. पाक कुस्दींनी त्याची धूळ पुसली, पाक मार्गोनोंनी रिकामं खोकं सरळ केलं, आणि बल्ब आत घालून साकिमिन मोटरसायकलवरून गल्लीच्या टोकापर्यंत गेला. तिथे पंधरा मिनिटं थांबून, लांबून आल्यासारखा धूळ उडवत परत आला.

“मिळाला, पाक गुरू.”

पाक प्राविरो या वेळी चष्मा लावून बसले होते. पश्चिमेकडच्या दिव्याचे स्क्रू सगळ्यांनी मिळून दहा मिनिटांत काढले. हाताला आता सवय झाली होती. पाक प्राविरोंनी खोकं उघडून बल्ब काढला आणि त्याच्या पत्र्याच्या कड्याला कपड्याने धरलं. तिथे सुईने कोरलेली बारीक अक्षरं होती: गुरुवार, पोन.

रात्मीची सवय होती ती. लोणच्याच्या बरणीपासून छत्रीच्या दांडीपर्यंत, वस्तू वापरायला काढली की ती त्यावर वार आणि पाच दिवसांच्या बाजाराच्या आठवड्यातला दिवस घालायची, किती टिकली ते कळावं म्हणून. हा बल्ब बसवला तेव्हा ती शेजारी टॉर्च धरून उभी होती. त्या दिवशीही पाक प्राविरोंनी स्क्रूला पेचकस लावला होता आणि टॉर्च हललासुद्धा नव्हता, एवढ्या शांतपणे ती म्हणाली होती, “पाके, तो नव्हे. पलीकडचा.”

पाक प्राविरोंनी बल्ब खाली ठेवला, वही काढली, दोन रेघा ओढलेली ओळ वाचली. मग मेरापीकडे पाहिलं, शेडकडे पाहिलं, गाडीच्या तोंडाकडे पाहिलं. फणसाखाली अकरा माणसं श्वास रोखून बसली होती.

“कुठे मिळाला रे, साकिमिन?”

“माझ्या मेव्हण्याकडे होता, पाक गुरू.”

साकिमिन आईबापांचा एकुलता एक आणि बिनलग्नाचा होता. पाक प्राविरोंना हे त्याच्या आईइतकंच माहीत होतं. त्यांनी त्याच्या घामेजल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“मेव्हण्याला माझे आभार सांग,” ते म्हणाले, आणि त्यांनी बल्ब बसवला.

दोन्ही दिवे लागले. गल्लीने सुटकेचा श्वास सोडला. अडीच वाजून गेले होते. पाक प्राविरोंनी आत जाऊन बाटिकचा चांगला शर्ट घाईघाईत चढवला, काळी टोपी घातली आणि बाहेर आले. अकरा जणांनी त्यांच्या शर्टाकडे पाहिलं. पाक कुस्दी काही बोलणार होते, पण त्यांनी आभाळाकडे पाहिलं आणि पाऊस दिसत नाही असं सांगितलं. बाजारातून परतणाऱ्या एन्दाहला ब्लोरोक गल्लीच्या तोंडाशी दिसली. हॉर्न वाजवून ती डोंगराकडे वळली.

बुदे सामियेमला डोळ्यांनी कमी दिसे, पण कानांनी पुरेसं. सालकाच्या बागांत शिरल्यावर काळोख झाला, पाक प्राविरोंनी दिवे लावले, आणि दोन्ही उजेड रस्त्यावर पडले. बुदे खिडकीतून वारा घेत होती.

“एवढा गप्प का तू?” ती म्हणाली.

त्यांनी तिला सगळं सांगितलं. वहीचं, अक्षरांचं, मेव्हण्याचं. बुदे हसली नाही.

“अकरा माणसं बघत बसली?”

“अकरा.”

“मग दोष त्यांचा का? तू त्यांना कधी म्हणालास, मला सांगा म्हणून? तुझ्यापुढे ती अजून बाकावर बसलीयत. रात्मी तुझ्या शाळेत नव्हती म्हणून सांगू शकली.”

पुढच्या वळणावर पाक प्राविरोंनी आरशात बघितलं, कुणी न सांगता.

फाटकाशी एन्दाह हाताची घडी घालून उभी होती. अंधारून येता येता गल्लीच्या टोकाला दोन दिवे दिसले, बरोबरीने जळणारे. तिने मावशीला हात धरून उतरवलं आणि आत नेताना वडिलांच्या पाठीवर हळूच हात फिरवला. ती हरली होती आणि तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

प्रार्थना झाल्या. सतरंज्यांवर गल्ली मांडी घालून बसली होती. मध्ये आपेमची ताटं, उदाचा वास, भिंतीवर रात्मीचा फोटो. यजमानाने आता दोन शब्द बोलायचे होते. पाक प्राविरो उभे राहिले. बोलण्याची त्यांना कधी भीती वाटली नव्हती, पण या वेळी सुरुवात सापडायला वेळ लागला.

“तुम्ही माझ्या बायकोसाठी आलात, आभार,” ते म्हणाले. “आज सकाळी मी गाडीचा चुकीचा दिवा उघडला. गाडी मीच फिरवली होती, आणि पूर्व तिच्याबरोबर फिरत नाही हे मीच विसरलो. अकरा जणांनी पाहिलं. कुणी सांगितलं नाही. वर माझाच जुना बल्ब मला नवा म्हणून आणून दिला, मला वाईट वाटू नये म्हणून. इतक्या चांगल्या शेजारी मी राहतो.” ते थांबले. “पण रात्मीने सांगितलं असतं. हजार दिवस झाले, मला कुणी काही सांगितलेलं नाही. मी चुकतो की नाही हेच मला कळेनासं झालंय. फार एकटं वाटतं तसं.”

त्यांनी खिशातून किल्ली काढून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या एन्दाहसमोर धरली. “दिवे लागले, पण ते माझ्यामुळे नाही. तू म्हणत होतीस ते खरं होतं. घे.”

एन्दाहने किल्ली घेतली. सतरंजीवरची माणसं आपापल्या गुडघ्यांकडे बघत होती. बुदे सामियेमने एक आपेम उचलला, तेवढाच काय तो आवाज.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरलं. साकिमिन होता. त्याचे कान लाल झाले होते आणि नजर सतरंजीत रुतली होती.

“पाक गुरू, माफ करा,” तो म्हणाला. “तुमच्या शर्टाच्या गुंड्या एक घर चुकल्यायत. दुपारपासून.”

पाक प्राविरोंनी मान खाली घालून पाहिलं. शर्टाचं उत्तरेकडचं टोक दक्षिणेकडच्या टोकापेक्षा चांगलं चार बोटं खाली लोंबत होतं. त्यांनी एकेक गुंडी सोडली आणि एकेक परत लावली, सगळ्यांच्या समोर, सावकाश.

“आणखी?” त्यांनी विचारलं.

“फाटकाची कडी उलटी बसवलीय, पाक गुरू,” पाक मार्गोनो म्हणाले. “कुणीही बाहेरून उघडू शकतं. दोन वर्षं झाली.”

“ईदचं भाषण लांबतं,” पाक कुस्दी म्हणाले. “भात निवतो.”

“तुमचा कोंबडा पहाटे तीनला आरवतो.”

“बाजाराच्या चौकात तुम्ही दर वेळी उलट्या बाजूने वळता. सगळे थांबून वाट देतात.”

“मला तुम्ही पारजान म्हणता. मी पारमिन. पारजान माझा भाऊ, तो सुमात्राला गेला.”

हजार दिवसांचं साठलेलं होतं ते. प्रत्येक जण आधी माफी मागे, मग बोले, आणि बोलून झाल्यावर चेहऱ्याने दहा वर्षांनी लहान होई. पाक प्राविरोंनी वही काढून लिहायला सुरुवात केली. चौथं पान उलटताना मात्र त्यांनी हात वर केला.

“पुरे आजच्याला. एन्दाहने गाडी राहू दिली, तर गुरुवारी कबरस्तानात जाताना साकिमिन शेजारी बसेल, उरलेलं तो सांगेल. पण रोज एकच. रात्मीसुद्धा रोज एकच सांगायची.”

“दहा सांगायची,” एन्दाह म्हणाली. तिने डोळे पुसले, किल्ली दाराच्या उत्तरेकडच्या नेहमीच्या खिळ्याला परत अडकवली आणि चहा आणायला आत गेली.